तिसऱ्या रचनेला उठणारा माणूस

पहिल्या आठवड्याला पंधरा, दुसऱ्याला सोळा, तिसऱ्याला सतरा. आकडा जितका मोठा तितकी झोप वाईट, असं फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं. सगळ्यात वाईट म्हणजे एकवीस. तुकिरानने बेरीज दोनदा केली आणि दोन्ही वेळा सतराच आले. जावा बेटावरच्या क्लातेन गावात, सरकारी आरोग्य केंद्रातल्या बाकावर बसून तो त्या आकड्याकडे बघत राहिला. गॅरेजमधून कालच आणलेली गाडी आज पुन्हा बंद पडली, की माणूस तिच्याकडे असाच बघतो.

"रोज ऐकता ना, पाक?" टेबलापलीकडून किनासिहने विचारलं. वयाने मोठ्या पुरुषाला तिथे आदराने 'पाक' म्हणतात.

"रोज."

"अंथरुणात पडून?"

"अंथरुणात पडून, दिवा बंद करून, डोळे मिटून, बायकोशी न बोलता. तुमच्या कागदावर लिहिलंय तसं सगळं."

"पूर्ण पंचेचाळीस मिनिटं?"

"पूर्ण. त्याच्यापुढे कौलं मोजतो. ती तुमच्या कागदावर नाहीत, पण एकशे बारा आहेत."

किनासिह हसली नाही. सव्वीस वर्षांची ही मुलगी योग्याकार्ताच्या विद्यापीठातून आली होती, आणि झोप न येणाऱ्या मोठ्या माणसांना संगीताने झोप लागते का, हे ती तपासत होती. तीन केंद्रांत मिळून चौसष्ट माणसं होती. प्रत्येकाला काडेपेटीएवढा एक प्लेअर आणि त्यात गामेलानच्या, म्हणजे तिथल्या काशाच्या वाद्यमेळाच्या, त्याच सहा संथ रचना. पाच आठवडे ऐकायचं आणि दर आठवड्याला फॉर्म भरायचा.

"बाकीच्यांचे आकडे उतरतायत," ती फॉर्म फायलीत ठेवत म्हणाली. "तुम्ही फार प्रयत्न करताय का झोपायचा? प्रयत्न केला की झोप पळते."

"मग प्रयत्न न करायचा प्रयत्न करतो," म्हणून तुकिरान उठला.

बाहेर येऊन त्याने मोटरसायकलला उगाच दोन लाथा जास्त मारल्या. बाकीच्यांचे उतरतायत! चौसष्ट माणसांत तोच एक नापास.

नापास होणं त्याला परवडणारं नव्हतं. तो एका लहान शाळेची मिनीबस चालवायचा. झोप उडाल्याला वर्ष होत आलं होतं. कारण कुणालाच सापडलं नव्हतं. कर्ज नव्हतं, दुखणं नव्हतं, बायकोशी भांडण होतं पण ते तीस वर्षं जुनं होतं. दोन महिन्यांपूर्वी रेल्वे फाटकाशी बस थांबवून, हँडब्रेक ओढून तो बसला होता. आगगाडी गेली, फाटक उघडलं, मागून हॉर्न वाजायला लागले, आणि पाठीमागच्या चौदा मुलांपैकी एकाने त्याच्या खांद्यावर टकटक केली. "पाक, गाडी केव्हाच गेली." बस इंचभरही सरकली नव्हती. पण संध्याकाळपर्यंत चौदा घरांना कळलं होतं.

मुख्याध्यापिका बू पालुपी, म्हणजे पालुपीबाई, ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "किल्ली आजच काढून घेत नाही. सत्राच्या शेवटच्या सोमवारपर्यंत आरोग्य केंद्राचा कागद आणा, की हा माणूस नीट झोपतो. तोवर मी शेजारी बसते."

आणि त्या खरंच बसल्या. रोज सकाळी आणि दुपारी, मांडीवर छत्री आडवी ठेवून, डॅशबोर्डला गुडघे टेकवून. ड्रायव्हर जागा राहावा म्हणून दर दोन मिनिटांनी प्रश्न विचारायच्या.

"पाक तुकिरान, तुमचं आवडतं फळ कोणतं?"

"सालाक."

"का?"

"का म्हणजे? गोड असतं, बू."

"आंबा पण गोड असतो."

"मग आंबा."

"असं पटकन मत बदलू नका, पाक. झोपेत बोलताय की काय?"

मागे चौदा मुलं खिदळायची. बावन्न वर्षांच्या माणसाने फळाची परीक्षा रोज दोनदा द्यायची! डॉक्टरांनी गोळी द्यायला साफ नकार दिला होता, गोळी घेऊन पोरांची गाडी चालवायची नसते. "संगीताच्या प्रयोगात नाव घाला," ते म्हणाले. "आकडा दहाच्या खाली आला की कागदावर सही करतो." तो दहा आता सात पायऱ्या खाली होता आणि तुकिरान दर आठवड्याला एक पायरी वर चढत होता.

घरात संगीताचा गुण मात्र आला होता. तो बायकोला आला होता. सुमार्नीला आयुष्यात झोपेची तक्रार नव्हती, आता तर पहिली रचना संपायच्या आत ती घोरायला लागायची. सकाळी ताजीतवानी होऊन सोयाबीनच्या तेंपेच्या वड्या तळताना म्हणायची, "फार गुणकारी आहे हो ते यंत्र. प्रयोग संपला की परत नका देऊ."

"तुझंच नाव घालायला हवं होतं प्रयोगात."

"घाला की. एकवीसपैकी शून्य आणून दाखवते."

रविवारी दुपारी तो चिडून प्लेअर घेऊन पलंगावर आडवा झाला. दिवसा तरी लागतो का डोळा, बघू. सुमार्नी दाराशी शेंगा सोलत बसली होती. पहिली रचना झाली. दुसरीला त्याचे हात सैल पडले, तोंड किंचित उघडलं. तिसरी सुरू झाली आणि थोड्या वेळाने सुमार्नीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"पाक! काय शोधताय?"

तुकिरानने डोळे उघडले. तो पलंगावर उठून बसला होता. पायाची बोटं जमिनीवर चपला चाचपत होती आणि उजवा हात सदऱ्याच्या खिशावर थापा मारत होता, किल्लीसाठी.

"काही नाही. कूस बदलत होतो."

"कूस बदलताना माणूस चपला घालतो?"

"उगाच काहीतरी बोलू नकोस."

"परत लावा," तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं. "मी बघते."

त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा तिसऱ्या रचनेला तो उठून बसला. सुमार्नीने भिंतीवरच्या घड्याळात बघितलं: सोळावं मिनिट. तिसऱ्या वेळी तिने त्याला न सांगता तिसरी रचना सगळ्यात आधी लावली. त्याचा डोळा लागलाच नाही, छाती धडधडायला लागली आणि तो चिडून म्हणाला, "ही कुठली लावलीस? ही ऐकली की मला उशीर झाल्यासारखं वाटतं."

"कशाला उशीर?"

ते त्याला सांगता येईना. पण कशाला ते नाही कळलं, तरी कुणाला विचारावं ते कळलं. त्याने प्लेअर खिशात टाकला आणि मोटरसायकल काढली.

शाळेत लागण्याआधी बावीस वर्षं तुकिरान एका वायांगच्या मंडळीचा ट्रक चालवायचा. गावोगाव, लग्नाला, सुगीला, रात्रभर पडद्यावर चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ चालायचा, आणि वाद्यं, पडदा, बाहुल्यांच्या पेट्या हे सगळं आणायचं आणि परत न्यायचं काम त्याचं. मंडळी मोडली, ट्रक विकला गेला. वाजवणाऱ्यांपैकी एकटे पाकदे गितो जवळपास उरले होते. वय शहात्तर. सूत्रधाराच्या पाठीमागे बसून गेंदेरच्या काशाच्या पट्ट्यांवर दोन्ही हातांनी वाजवण्यात जन्म गेलेला माणूस.

पाकदे अंगणात उंच बांबूवरचा पारव्याचा पिंजरा दोरीने खाली घेत होते. "काय रे दोरखंडा," त्यांनी हाक मारली. मंडळीत त्याला सगळे हेच म्हणायचे, कारण त्याच्या खांद्यावर कायम सामान बांधायचा दोर असायचा. "डोळे बघ तुझे. कोंबडा लढवून आलास की स्वतः लढलास?"

तुकिरानने तिसरी रचना लावली. दोन-तीन सूर झाले असतील नसतील, पाकद्यांनी हात वर केला. "बंद कर. अजून चार वाजताचा चहा व्हायचाय, तू कुठे उजाडवतोस?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? मन्युरा आहे हा."

"ते काय असतं?"

पाकदे त्याच्याकडे बघतच राहिले. "बावीस वर्षं! अरे, गाढवाने तेवढा काळ ऐकलं असतं तर गाढव गायला लागलं असतं. खेळाचे तीन भाग असतात की नाही? पहिल्या प्रहराचे सूर वेगळे, मध्यरात्रीनंतरचे वेगळे. आणि मन्युरा शेवटचा, पहाटेचा. शेवटची लढाई, मग आटोपलं. तू कधी उठायचास सांग बघू?"

तुकिरानने आठवून बघितलं. खेळ सुरू झाला की तो ट्रकच्या हौद्यात नाहीतर गाँगच्या पेटीला टेकून झोपायचा. हमरीतुमरीच्या लढाया व्हायच्या, विदूषक आले की अख्खं गाव हसून लोळायचं, तो ढिम्म. पण पहाटे, खेळ संपायला तासभर असताना, त्याला कुणी न उठवता जाग यायची. प्रेक्षकांच्या मोटरसायकली निघायच्या आत ट्रक मागे घेऊन मांडवाला लावायचा असे. उशीर झाला तर दोन तासांची अडचण.

"मी घड्याळ न बघता उठायचो," तो हळूच म्हणाला.

"घड्याळ आम्ही होतो, दोरखंडा. मन्युरा लागला की पाच मिनिटांत तू खांद्यावर दोर टाकून दाराशी हजर. आम्ही अजून वाजवतोय आणि हा आमच्या बुडाखालची चटई गुंडाळायला बघतोय! सूत्रधार शिव्या द्यायचे तुला पडद्यामागून."

पाकदे खो खो हसले. तुकिरानला हसू आलं नाही. त्याला राग आला, आणि कुणाचा ते ठरवता येईना. त्याच्या कानाने त्याला न विचारता बावीस वर्षं नोकरी केली होती आणि निवृत्त झाल्याचं त्या कानाला कुणी कळवलं नव्हतं. आणि ती शिकलेली मुलगी चौसष्ट लोकांना झोपवण्यासाठी दर रात्री पहाट करत होती.

सोमवारी तो फॉर्मची तारीख नसताना किनासिहसमोर जाऊन उभा राहिला. सोळावं मिनिट, चपला, ट्रक, सगळं सांगितलं. सहापैकी शेवटच्या चार रचना मन्युरा आहेत, हेही सांगितलं. ते पाकद्यांनी सगळ्या रचना ऐकून सांगितलं होतं.

किनासिहने लॅपटॉप उघडला. "पाक, या रचना मी अशाच नाही निवडल्या. मिनिटाला बावन्न ठोके, आवाज एकसारखा, गाणं नाही. हृदयाचा वेग हळूहळू त्या ठोक्यांकडे उतरतो."

"माझं हृदय ठोके मोजत नाही. ते ट्रक मागे घेतं."

"तिसरी तर सगळ्यांना सगळ्यात शांत वाटते. माझ्या चाचणीत तिलाच जास्त गुण होते."

"शांतच आहे. पहाट शांतच असते. पण पहाटे माणूस उठतो, झोपत नाही."

मग तिने दोन्ही हातांनी कपाळ दाबलं. "समजा तुमचं खरं आहे. तरी मला यादी बदलता येत नाही. सगळ्यांनी तेच ऐकायला हवं, नाहीतर तुलना कशाशी करायची? तुम्ही मध्येच सोडू शकता. तो तुमचा हक्क आहे."

"आणि डॉक्टरांचा कागद?"

"तो प्रयोग पूर्ण करणाऱ्यांनाच."

"म्हणजे झोपायचं असेल तर कागद नाही, आणि कागद हवा असेल तर झोप नाही."

"मी असं म्हटलेलं नाही."

"तुम्ही नाही म्हटलंत. पण झालंय तेच."

त्याच संध्याकाळी तो पुन्हा पाकद्यांकडे गेला. पाकद्यांनी गेंदेरवरची चादर काढली, बोटं चोळली आणि कुरकुरत बसले. "बोटं अडतात. चुकलं तर हसू नकोस." मग पहिल्या प्रहराचं आणि मध्यरात्रीचं मिळून जवळजवळ तासभर वाजवलं. तुकिरानने फोन पेटीवर ठेवून ते भरून घेतलं. दोनदा ते चुकले, एकदा खोकले, आणि मध्येच पारवा घुमला. किनासिहच्या नियमांत यातलं काहीच बसलं नसतं.

पहिल्या रात्री तो चार तास झोपला. दुसऱ्या रात्री तितकंच, तिसऱ्या रात्री जेमतेम दोन, मग पाच. जादू झाली नाही. पण तो उठून बसायचा थांबला. चौथ्या आठवड्याचा फॉर्म त्याने नर्सच्या हातात दिला: बारा. त्यावरचा पहिलाच प्रश्न होता, 'दिलेलं संगीत रोज ऐकलं का?' त्याने 'होय' वर खूण केली आणि नर्सकडे न बघता निघून आला. बसमध्ये बू पालुपींनी विचारलं, "पाक, एखादी गोष्ट आवडते पण सांगता येत नाही, असं काही?" आणि त्याने रस्त्यावरची नजर न काढता उत्तर दिलं, "आज फळंच विचारा, बू."

पाचव्या शुक्रवारी बेरीज आठ आली. पहिल्या प्रश्नापुढची जागा त्याने अजून कोरी ठेवली होती.

किनासिहने आकडा बघितला आणि खुर्चीतून अर्धवट उठली. "आठ! सतरावरून आठ! पाक, अख्ख्या चौसष्टांत सगळ्यात मोठा उतार तुमचा आहे. बघा, मी म्हटलं होतं ना, शरीराला वेळ द्यायला हवा?" डॉक्टरांचं पत्र तिने आधीच टाइप करून ठेवलं होतं, फक्त आकडा घालायचा बाकी होता. "आणि गंमत सांगू? जिल्हा कार्यालयाला निकाल आवडलाय. हीच यादी चौतीस केंद्रांत देणार आहेत."

"हीच?"

"हीच, याच क्रमाने. तेवढा पहिला प्रश्न भरायचा राहिलाय तुमचा."

तुकिरानने पेन उचललं. 'होय' चा चौकोन तांदळाच्या दाण्याएवढा होता. खूण केली की सोमवारी किल्ली त्याची. झोप खरीच लागत होती, मग कागद खोटा कसा? त्याने स्वतःशी हे दोनदा म्हणून बघितलं. दोन्ही वेळा ते चौतीस केंद्रांपाशी येऊन अडलं. या भागात वायांगची मंडळी काय एकच होती? कुणी दिवे सांभाळणारा असेल, कुणी पहाटेचा चहा उकळणारी. तो माणूस अंथरुणात उठून बसेल, चपला शोधेल, आणि समोर बसलेली कुणी शिकलेली मुलगी त्याला सांगेल की तिसरी रचना सगळ्यात शांत आहे. सतरावरून आठवर आलेला एक माणूस आमच्याकडे आहे.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"दोन आठवडे मी तुमचं ऐकलंच नाही. गेल्या वेळची खूणही खोटी होती." त्याने 'नाही' च्या चौकोनावर फुली मारली आणि फोन काढून टेबलावर ठेवला. "हे ऐकत होतो."

किनासिहने ऐकलं नाही. ती त्या फुलीकडे बघत होती. "का सांगितलंत?" तिचा आवाज चढला. "आता सांगून काय मिळालं? मला तुमचे दोन्ही आठवडे काढावे लागतील. तुम्हाला पत्र देता येणार नाही. पाच आठवडे, पाक! तुमचेही गेले आणि माझेही."

"माझं तर वर्ष गेलंय."

"मग खूण करायची होती!"

"करणारच होतो. तुम्ही ते चौतीस सांगितलंत."

तिने त्याच्या नावावर लाल रेघ मारली, पट्टी धरून, सरळ. टाइप केलेलं पत्र घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकलं. मग वही पुढे ओढली.

"कितवं मिनिट म्हणालात?"

"सोळावं."

"दर वेळी?"

"बायकोने दोनदा बघितलं. ती शून्यवाली आहे, तिच्या डोळ्यावर झोप नसते."

तिने ते वहीत लिहिलं. तो उठताना ती वर न बघता म्हणाली, "डॉक्टरांकडे मनगटावर बांधायचं यंत्र आहे. दोन आठवडे बांधलं तर झोप त्यात दिसते. रांग आहे. तुमचं नाव घालते."

"सोमवारच्या आत होईल?"

"नाही."

सोमवारी बू पालुपी शाळेच्या दारातच उभ्या होत्या. "कागद?"

"नाही, बू. पण झोप आहे. काल सहा तास दहा मिनिटं."

त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. डोळे स्वच्छ होते हे त्यांनाही दिसत होतं. "माझा विश्वास आहे, पाक. पण चौदा घरांना मी तुमचे डोळे पाठवू शकत नाही. कागद पाठवू शकते. यंत्र बांधून होईपर्यंत शाळेचं फाटक सांभाळा."

बस जारोत नावाच्या नव्या ड्रायव्हरकडे गेली. तो आधी गॅसच्या टाक्या पोचवायचा. जारोतला झोपेचा कागद कुणी मागितला नव्हता, कारण त्याला झोप येत नाही असं कुणी कधी म्हटलंच नव्हतं. तुकिरानने त्याला किल्ली दिली, दुसरा गिअर अडतो, दोनदा दाब, असं सांगितलं. जारोतने मान हलवली आणि एकदाच दाबलं.

बस कोपऱ्यावरून वळली तेवढ्यात एक आई मुलीला मोटरसायकलवरून सोडायला आली. "अरे, पाक तुकिरान! आज गाडीवर नाही? बरं नाही का?"

"बरंय. झोप लागते आता."

"मग गाडीवर का नाही?"

तुकिरानने तोंड उघडलं. कुठून सुरुवात करावी? मन्युरापासून, की त्या दाण्याएवढ्या चौकोनापासून? आतून घंटा झाली. त्याने फाटक ओढलं. खालचं चाक रुळात अडकलं होतं. वाकून बघितलं तर बोटाएवढा खडा, सहज निघाला असता. त्याने तो काढला नाही. अख्खं लोखंडी फाटक दोन्ही हातांनी उचललं आणि धाडकन बंद केलं.